मेळ मोडतो तेव्हा

दिवाळी अंकात बँडवरचा लेख पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, हे मी जाणून आहे. आपल्याकडे बँड म्हटला की डोळ्यांपुढे येते ती लग्नाची वरात: लाल डगले, पितळेचे कर्णे आणि पुढे नाचणारे नवरदेवाचे मित्र. त्यातून रॉक बँड म्हटला तर विचारायलाच नको. वाढलेले केस, फाटक्या विजारी, आणि शेजारच्या बिऱ्हाडातल्या आजोबांना कानांत कापूस घालून बसायला लावणारा आवाज! अशा संगीताची चिकित्सा फराळाच्या ताटाशेजारी कशाला मांडायची? शंका रास्त आहे. तिचे उत्तर देण्यापूर्वी एक प्रसंग सांगते, म्हणजे हा विषय माझ्याकडे कसा चालत आला ते कळेल.

डोंबिवलीकरांना फडके रोडवरची दिवाळीची पहिली पहाट ठाऊक आहे. अभ्यंगस्नान उरकून, नवे कपडे घालून सारी तरुण डोंबिवली गणपतीच्या देवळापासल्या त्या रस्त्यावर लोटते. कोणी कोणाला बोलावत नाही आणि कोणी घरी राहत नाही. गेल्या दिवाळीत त्या गर्दीत माझा एक जुना विद्यार्थी भेटला. सहा वर्षे मी त्याला गिटारीवाचून पाहिला नव्हता. एमआयडीसीतल्या एका गाळ्यात तो आणि त्याचे तीन मित्र रात्री तालीम करीत. कार्यक्रम असला की ड्रम लोकलच्या मालडब्यात चढवून मुंबईला नेत. त्या पहाटे मात्र त्याचा खांदा मोकळा होता.

"बँड मोडला, बाई," तो म्हणाला.

"भांडलात?"

"नाही हो. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. एकाला बंगळूरला नोकरी लागली, एकाचं लग्न ठरलं. उरलो दोघं. एकदा गाळ्यात समोरासमोर बसलो आणि काही न वाजवता उठलो." मग जरा थांबून, फटाक्यांच्या आवाजात जेमतेम ऐकू येईल असे त्याने विचारले, "सहा वर्षं फुकट गेली का हो?"

मला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही. मुलांना व्याकरण शिकवणाऱ्या बाईला संधी सोडवता येतात, पण ही फोड निराळी होती. मी त्याला फराळाला बोलावले. तो आला, चकल्या खाल्ल्या आणि जाताना माझ्या भ्रमणध्वनीत काही गाणी भरून गेला. "आमच्या कितीतरी आधीचे हे, बाई. मुंबईचेच. हेही मोडले होते," एवढेच तो बोलला. ती गाणी होती 'रॉक मशीन' या बँडची. म्हणजेच पुढे 'इंडस क्रीड' या नावाने जो प्रसिद्धीस आला त्याची. हा लेख म्हणजे त्या गाण्यांचे श्रवण आणि त्या मुलाला द्यायचे राहिलेले उत्तर.

आधी थोडा इतिहास सांगितला पाहिजे. रॉक हे गेल्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत जन्मलेले संगीत. कृष्णवर्णीयांची 'ब्लूज' गाणी आणि तिथल्या गोऱ्या खेडुतांची गाणी यांच्या संकरातून ते झाले आणि विजेच्या गिटारीने त्याला कंठ दिला. मुंबईच्या महाविद्यालयांत ते लवकरच पोचले. मात्र कितीतरी वर्षे आपल्याकडच्या बँडांचे काम एकच असे: विलायतेची आणि अमेरिकेची गाजलेली गाणी हुबेहूब वाजवून दाखवणे. श्रोत्यांची फर्माईशही तीच. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात लता-किशोरची गाणी जशीच्या तशी म्हणणाऱ्याला आपण टाळ्या देतो, तशातलाच हा प्रकार.

१९८४ साली मुंबईत 'रॉक मशीन' निघाले ते याच वाटेवर. पुढे ज्या जुळणीने त्याचे नाव झाले तीत गायक उदय बेनेगल, गिटारीवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बेस गिटारीवर मार्क सेल्विन, कळफलकावर झुबिन बालापोरिया आणि ड्रमवर मार्क मेनेझिस अशी मंडळी होती. ही नावे सलग वाचली तरी मुंबई समोर उभी राहते; इतक्या वाडी-वस्त्यांची माणसे एका तालावर येणे हे या शहरातच घडू शकते. १९८८ साली त्यांनी 'रॉक अँड रोल रेनिगेड' ही ध्वनिफीत काढली, आणि तीत गाणी होती ती स्वतः रचलेली. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण ज्या श्रोत्यांना उसन्याचीच गोडी लागलेली, त्यांच्यापुढे स्वतःचे गाणे घेऊन उभे राहायला छाती लागते.

इथे मराठी वाचकाला एक जुनी हकीगत आठवावी. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० च्या ऑक्टोबरअखेर पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले. नाटक कालिदासाचे, संगीत नाटकाची प्रेरणा पारशी मंडळींच्या खेळांतली, आणि चाली अठरापगड ठिकाणांहून गोळा केलेल्या. आणि मग दोनच वर्षांनी, १८८२ साली, 'सौभद्र' आले. ते मात्र अण्णासाहेबांचे स्वतःचे. आज 'सौभद्रा'ची पदे ऐकताना कोणाला पारशी थिएटर आठवते? उसने घेणे हा कलेतला गुन्हा नव्हे. उसने घेऊन तिथेच बसणे हा गुन्हा. तेव्हा 'ही पोरे साहेबाची नक्कल करतात' असे म्हणून रॉक बँडांना हाकलणाऱ्यांनी आपल्या संगीत रंगभूमीचे बालपण जरा आठवावे. प्रश्न एवढाच विचारायचा की, या मंडळींचे 'शाकुंतल' कोणते आणि 'सौभद्र' कोणते?

माझ्या कानाला 'रेनिगेड' हे त्यांचे 'शाकुंतल' वाटते. कारागिरी पक्की आहे. दोन गिटारी एकमेकींचा पाठलाग करतात, गायकाचा आवाज वरच्या पट्टीत सहज चढतो, ड्रम कुठे अडखळत नाही. पण या साऱ्या आतषबाजीत मुंबई कुठे आहे, असे मनात येत राहते. 'रेनिगेड' म्हणजे फितूर, बंडखोर. बंड कोणाविरुद्ध? ज्या समाजाविरुद्ध अमेरिकेतल्या पोरांनी बंड केले तो समाज आपला नव्हता. आपल्याकडच्या बंडखोराला आधी वडिलांची परवानगी घेऊन बंडाला जावे लागते आणि शेवटच्या गाडीने घरी परतावे लागते! ती कुचंबणा, ते अर्धेमुर्धे बंड, हा त्यांचा खरा विषय होता. पण तो त्या वेळी त्यांच्या हाती लागला नाही. १९९० साली 'द सेकंड कमिंग' ही दुसरी ध्वनिफीत आली. तिच्यात हात अधिक सराईत झालेला दिसतो, तरी अंगरखा अजून दुसऱ्याच्या मापाचाच आहे.

१९९३ साली या मंडळींनी एक धाडस केले. नाव बदलले. नऊ वर्षांत कमावलेले नाव टाकून देणे म्हणजे चालत्या दुकानाची पाटी उतरवणे होय. 'रॉक मशीन'चे 'इंडस क्रीड' झाले. इंडस म्हणजे सिंधू, क्रीड म्हणजे श्रद्धा. यंत्राच्या जागी नदी आली! हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे असे मला वाटते. यंत्र कुठेही नेऊन मांडता येते. नदीला आपला प्रदेश असावा लागतो. त्याच वर्षी त्यांच्या 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या चित्रफितीला अमेरिकेच्या एमटीव्हीचा आशियाई प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. मला तो काळ आठवतो. मी शाळकरी वयाची होते. इमारतींच्या गच्च्यांवरून केबलच्या काळ्या तारा नुकत्याच लोंबू लागल्या होत्या, आणि दूरदर्शनच्या दोन वाहिन्यांवर वाढलेल्या आम्हां मुलांना अचानक जगाची खिडकी उघडली होती. त्या खिडकीतून दिसणाऱ्या गोऱ्या चेहऱ्यांत एकदम आपल्यासारखे दिसणारे चेहरे दिसले, तेव्हा गाण्याचे शब्द कळले नाहीत, पण मान मात्र ताठ झाली. आज वाटते, त्या कौतुकात गाणे किती होते आणि आरसा किती होता, कोण जाणे! तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी: ज्यांच्या पहिल्या ध्वनिफितीच्या नावात फितूर होता, त्यांचे जगभर गाजलेले गाणे एका लेकराच्या नावाचे होते. बंडाचा आव ओसरून जिव्हाळा आला होता.

१९९५ साली 'इंडस क्रीड' याच नावाची त्यांची ध्वनिफीत निघाली. ही त्यांचे 'सौभद्र' म्हणावी अशी. आवाजातला अभिनिवेश उतरलेला आहे; गाणे सांगण्यापेक्षा बोलू लागले आहे. आणि इथेच या कहाणीचा खरा पेच आहे. जेव्हा हे बँड स्वतःचे झाले, तेव्हाच त्याच्या पायाखालची जमीन सरकली. १९९७ साली ते मोडले.

मोडण्याच्या कथा लोकांना आवडतात. कोण कोणाला काय म्हणाले, कोणी दार आपटले, बायकांमुळे फूट पडली की पैशामुळे, हे चघळण्यात एक सुख असते. इंग्लंडच्या बीटल्स मंडळींचा मेळ १९६० साली जमला आणि १९७० साली मोडला. त्या मोडण्याचे चर्वितचर्वण अर्धशतक उलटले तरी संपत नाही. मला त्या कथांत रस नाही. समीक्षकाने पाहायचे ते निराळे: ज्या झाडाला नुकता मोहोर आला ते झाड का वठावे?

त्याचे उत्तर शोधायला बाहेरच्या बाजारात डोकावले पाहिजे. १९९५ हेच साल घ्या. याच वर्षी अलिशा चिनॉयची 'मेड इन इंडिया' ही हिंदी ध्वनिफीत घरोघर वाजू लागली. बिड्डूने दिलेल्या तिच्या चाली रिक्षावाल्यापासून वधूपित्यापर्यंत सर्वांच्या तोंडी झाल्या. पुढच्याच वर्षी, १९९६ साली, हरिहरन आणि लेस्ली लुईस यांचे 'कलोनियल कझिन्स' आले आणि इंग्रजी गाण्याला शास्त्रोक्त आलापाची जोड देऊन लोकप्रिय झाले. दूरचित्रवाणीचेही तसेच. १९९१ साली उपग्रहावरून आलेली एमटीव्ही आशियाची वाहिनी इंग्रजी बोलत होती. १९९४ साली तिची जागा चॅनल व्हीने घेतली. १९९६ साली एमटीव्ही परत आली. आणि दोघींनीही हळूहळू ओळखले की या देशात पोट भरायचे तर हिंदी सिनेमाच्या गाण्यांना शरण जावे लागते. म्हणजे झाले असे: गिटार, ड्रम, तो नवा नाद आपल्या लोकांनी स्वीकारला, फक्त तो हिंदीत हवा होता. ज्यांनी जमीन नांगरली त्यांच्या हाती पीक लागले नाही.

रंगमंचाचेही पाहा. मुंबईत धोबीतलावजवळचे रंगभवन हे उघडे नाट्यगृह. तिथे मराठी नाटके झाली, जाझचे उत्सव झाले, आणि १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा रॉकचा वार्षिक मेळावाही तिथेच भरू लागला. आमच्या डोंबिवलीपासून बोरीबंदर ४८ किलोमीटर. तेवढे अंतर तोडून इकडची पोरे तिथे जात. पण अशा जागा किती? हाताच्या एका बोटावर मोजाव्यात इतक्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनंतर, जवळ रुग्णालये असल्यामुळे, रंगभवनही काही वर्षांत मुके झाले. रुग्णांना झोप हवी, हे मान्यच आहे. पण पर्यायी जागा उभी राहिली नाही, हेही खरे. ठाण्याला गडकरी रंगायतन आहे, कल्याणला अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे. नाटकासाठी आपण सभागृहे बांधली, कारण नाटक आपले आहे असे आपण मानतो. या मुलांचे गाणे आपले आहे असे मानायला कोणी तयार नव्हते.

"इंग्रजीत गायले की असेच व्हायचे," असे यावर कोणी म्हणेल. मराठीची शिक्षिका म्हणून मला हे वाक्य टाळी घेणारे वाटायला हवे. पण ते मला पटत नाही. अरुण कोलटकरांनी 'जेजुरी' इंग्रजीत लिहिली. १९७६ साली ती प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला राष्ट्रकुलाचे काव्यपारितोषिक मिळाले. त्या कवितांची भाषा साहेबाची आहे, पण धोंडा जेजुरीचाच आहे. वाचताना पायाला खडे टोचतात. भाषा परकी असली तरी डोळा आपला असू शकतो. 'इंडस क्रीड'ने निदान नाव बदलताना हे ओळखले होते. त्यांचा दोष मी सांगेन तो हा, की नदीचे नाव घेतल्यावर नदीत उतरायला त्यांना उशीर झाला. ज्या शहराच्या गच्चीवर, ज्या गाडीत, ज्या दमट पावसात ही गाणी सुचली, ते शहर गाण्यांत आणखी धीटपणे यायला हवे होते. ते आले असते तर श्रोता धावून आला असता असे नाही. पण जो आला असता तो सोडून गेला नसता. सवयीचा श्रोता दुसरीकडे बरे मिळाले की निघून जातो. आपले गाणे ज्याच्यात रुजले तो राहतो.

आता मोडण्याचे दुसरे, आतले कारण. ते कोणा व्यक्तीच्या स्वभावात नाही. ते या कलाप्रकाराच्या घडणीतच आहे. आपल्या मैफलीत गवई हा राजा. तबलजी बदलला, पेटीवाला बदलला, तरी मैफल गवयाचीच राहते. रॉक बँडमध्ये साथीदार नावाचा इसमच नसतो. एक जण गिटारीवर चार सुरांची एक लड घेऊन येतो, ड्रमवाला तिला चाल देतो, बेसवाला खालून आधार देतो, गायक तिच्यावर शब्द ठेवतो. आणि तासन् तास घोळवल्यावर जे होते ते कोणा एकाचे नसते. बेस गिटार तर आपल्या तंबोऱ्यासारखी: असते तेव्हा कोणाचे लक्ष जात नाही, नसली की सारे उघडे पडते. यातला एक निघून गेला आणि दुसरा आला, तर गाण्याचा सांगाडा तोच राहतो, पण प्राण निराळा होतो. म्हणून मैफल मोडत नाही, बँड मोडते. ते घर आहे, पण रक्ताच्या नात्यावाचून; संसार आहे, पण सप्तपदीवाचून. त्याला बांधून ठेवणारे एकच सूत्र असते: आपण चौघे मिळून जे होतो ते आपल्यापैकी कोणीही एकटा होऊ शकत नाही, ही जाणीव. मिळकत थोडी, वाटेकरी पुष्कळ, आणि घरची माणसे रोज विचारणारी, 'पुढे काय?' अशा वेळी ती जाणीव किती काळ टिकणार?

आपल्या नाटकमंडळ्या याच कारणाने फुटत आल्या. किर्लोस्कर मंडळीतून १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले व त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. तिघे भागीदार, तिघे एकाहून एक गुणी. पण काही वर्षांतच टेंबेही निघाले, बोडसही निघाले, आणि मंडळी एकट्या बालगंधर्वांची राहिली. त्या काळच्या प्रेक्षकाला हे मोडणे जिव्हारी लागले असणार. पण शंभर वर्षांनंतर आपण काय जपतो? ज्या मंडळीतून ते फुटले तिचे 'सौभद्र' जपतो, फुटून जे केले ते 'स्वयंवर' आणि 'एकच प्याला'ही जपतो. भागीदारीचे कागद वाळवीने खाल्ले, पदे राहिली.

इकडे १९९७ नंतर बेनेगल आणि जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले. तिथे त्यांनी 'आम्स फॉर शांती' नावाचे बँड काढले, आणि गंमत पाहा, परमुलखात जाऊन त्यांच्या रॉकमध्ये हिंदुस्थानी सूर अधिक मोकळेपणाने आले. मुंबईत असताना जो आपलेपणा सिद्ध करायचा होता तो दूर गेल्यावर सहज झाला असावा. माहेरची ओवी सासरीच जास्त आठवते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतेच. मुंबईत मागे राहिलेल्या वाटेवरून नवी बँडे चालू लागली. 'पेंटाग्राम'चा गायक विशाल ददलानी हिंदी चित्रपटांचा संगीतकार झाला, तरी रॉक गात राहिला. पुढच्या पिढीत 'अभंग रिपोस्ट'सारख्या मंडळींनी गिटार-ड्रम घेऊन तुकोबांचे अभंग गायला घेतले. १९८८ साली कोणी हे भाकीत केले असते तर वारकरी आणि रॉकवाले दोघेही हसले असते. पण पहिल्यांदा कोणीतरी स्वतःचे गाणे घेऊन उभे राहिल्यावाचून हे झाले नसते.

२०१० साली 'इंडस क्रीड' पुन्हा एकत्र आले. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया हे जुने तिघे. बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय राव कवी हे नवे दोघे. २०१२ साली त्यांची 'इव्हॉल्व्ह' ही नवी ध्वनिफीत आली. शीर्षकाचा अर्थ, विकसत जा. ती मी तीन रात्री ऐकली. घरातली निजानीज झाल्यावर, कानाला यंत्र लावून, शेजाऱ्यांच्या झोपेची पर्वा राखून! माझ्या मते ही त्यांची सर्वांत प्रौढ कृती. घाई नाही. दोन सुरांमध्ये जागा सोडलेली आहे, आणि ती मोकळी जागाही बोलते. गिटार पूर्वी दाखवायची तेवढे आता दाखवत नाही. जे माहीत आहे त्यातले अर्धे पोटात ठेवते. तरुणपणी हे साधत नाही. जुन्या ध्वनिफितींतला जोम इथे नाही असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. मोहोराचा वास आणि आंब्याची गोडी एकाच वेळी मागू नये.

हिशेब मांडताना एक आकडा माझ्या ध्यानात आला आणि मी थबकले. १९८४ ते १९९७ ही मेळाची तेरा वर्षे. १९९७ ते २०१० ही ताटातुटीचीही तेरा वर्षे. पांडवांना बारा वर्षे वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास भोगावा लागला, तोही तेराच वर्षांचा. त्या तेरा वर्षांत अर्जुनाने अस्त्रे मिळवली, भीम बल्लव झाला, आणि गाण्यानाचण्याची विद्या तर खुद्द अर्जुनाने बृहन्नडा होऊन शिकवली! वनवास म्हणजे काही न घडण्याचा काळ, असे आपण समजतो. व्यासांना तसे वाटत नव्हते. 'इव्हॉल्व्ह'मधली जी परिपक्वता मला भावली, ती पहिल्या तेरा वर्षांइतकीच दुसऱ्या तेरा वर्षांची कमाई आहे.

मात्र याचा अर्थ, मोडलेला प्रत्येक मेळ पुन्हा जमतो, असा नव्हे. तसे सांगून त्या मुलाची समजूत काढणे ही फसवणूक झाली असती. बहुतेक मेळ मोडतात ते मोडतातच. तेव्हा त्याच्या प्रश्नाचे उत्तर पुनर्मीलनात शोधता येत नाही. ते दुसरीकडे आहे.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास मी त्याला परत बोलावले. "तुम्ही सहा वर्षं काय वाजवलंत?" मी विचारले.

"बहुतेक दुसऱ्यांचंच, बाई."

"आणि तुमचं?"

"आमची स्वतःची चार गाणी झाली." तो ओशाळून म्हणाला, जणू चार हा आकडा चोरीचा होता.

त्याने ती ऐकवली. तीन मला तितकीशी आवडली नाहीत, आणि तसे मी त्याला सांगितले. त्यांत अजून दुसऱ्याचा अंगरखा होता. चौथे गाणे मराठी होते. रात्रीच्या शेवटच्या कर्जत गाडीचे. ड्रममध्ये चाकांचा ठेका होता, पण नक्कल नव्हती. बेस असा खालून वाहत होता की मुंब्र्याच्या खाडीवरून गाडी जाताना खिडकीतून जो काळोख आत येतो तो मला खोलीत जाणवला. गायकाचा आवाज सामान्य होता. पण ते गाणे या चार मुलांवाचून, या गावावाचून, त्या गाळ्यावाचून दुसऱ्या कोणी केले नसते.

"हे कोणी केलं?" मी विचारले.

तो विचारात पडला. "चाल माझी... म्हणजे माझी नाही तशी. ठेका त्याचा. शब्द दोघांचे. मधली ती जागा आहे ना, ती बेसवाल्याकडून चुकून वाजली आणि आम्ही ठेवली." मग हसून म्हणाला, "सांगता नाही येणार, बाई."

ज्या गोष्टीचा कर्ता सांगता येत नाही, तीच मेळाची मिळकत. तिची वाटणी करता येत नाही, म्हणून फाटाफुटीनंतर ती कोणाच्या वाट्याला जात नाही, आणि म्हणूनच नाहीशीही होत नाही. बंगळूरला गेलेला मुलगा ती घेऊन गेला नाही, आणि इथे राहिलेल्याकडेही ती एकट्याकडे उरली नाही. ती त्या गाण्यात आहे. सहा वर्षांत एक गाणे, हा भाव महाग आहे खरा. पण कलेच्या बाजारात याहून स्वस्तात कोणाला मिळाले आहे?

हे मी त्याला जवळजवळ याच शब्दांत सांगितले. त्याला पटले की नाही ते तो बोलला नाही. जाताना मात्र त्याने विचारले, "ते गाणं बंगळूरला पाठवू का, बाई? त्यानं बरेच दिवसांत ऐकलं नसेल."

"पाठव की," मी म्हटले, "आणि नवरदेवालाही पाठव. वरातीत दुसऱ्यांचीच गाणी वाजतील. एक तरी त्याचं स्वतःचं असू दे."